नाना भोईरांचा अर्धा पासवर्ड

आमच्या मजल्यावरचे नाना भोईर पासवर्ड टाकायला बसले की घरात जो कोणी असेल त्याला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. नुसती मान वळवून चालत नाही. "डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं," असं नानांचं म्हणणं. मी उभी राहिले आहे, माझा नवरा संदीप उभा राहिला आहे, गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा राहिला आहे. कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला जातो. समोर त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा फोटो आहे, तेवढा एकच चेहरा खोलीकडे बघत राहू शकतो. आम्ही इथे राहायला यायच्या आधीच काकू गेल्या. मूलबाळ नाही. त्यामुळे नानांच्या घरात विश्वासाचं असं माणूस म्हणजे तो फोटो.

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. नाना भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चालताना डावा हात अजून कमरेपाशी असतो, जिथे पूर्वी किल्ल्यांचा जुडगा असायचा. बारीक अंग, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि ओठ असे मिटलेले की आत्ताच कोणीतरी त्यांना काहीतरी विचारून गेलंय.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "घरातलं घरात."

हे कशालाही लागू होतं. मी सहज विचारते, "नाना, आज काय जेवण?" तर उत्तर येतं, "आहे आपलं घरातलं." जिन्यात बोंबलाचा वास तळमजल्यापर्यंत पोचलेला असतो, शेजारच्या हंसाबेन नाकाला पदर लावून लिफ्टची वाट बघत असतात, पण नाना कबूल करणार नाहीत. एकदा ताप आला होता तेव्हा थर्मामीटर बघून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "आहे थोडा." किती ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अशा माणसावर एके दिवशी सगळं फोनवर करायची पाळी आली. पेन्शन, बँक, वीजबिल, गॅस, सगळ्याला पासवर्ड. संदीप आयटीत आहे. तो मोठ्या उत्साहाने त्यांना शिकवायला गेला. मी मागे चहा घेऊन गेले, म्हणून पुढचं संभाषण मी स्वतः ऐकलेलं आहे.

"हे बघा नाना, सगळे पासवर्ड इथे सेव्ह होतात. तुम्हाला काही लक्षात ठेवायला नको."

"राहतात कुठं?"

"क्लाउडवर."

"म्हणजे कुठं?"

"म्हणजे कंपनीचे मोठे मोठे कॉम्प्युटर असतात. कुठेही असू शकतात."

"पत्ता सांग."

संदीपला पत्ता सांगता येईना. त्याने दोन देशांची नावं घेतली, मग तिसरं घेतलं.

"ज्याचा पत्ता तुला माहीत नाही," नाना शांतपणे म्हणाले, "त्याच्याकडे मी माझ्या चाव्या ठेवू?"

संदीप त्या रात्री जरा चिडून जेवला. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच शोधून काढलं. एक फुकट प्रोग्राम होता. तो सगळे पासवर्ड एकाच फाइलमध्ये कुलूपबंद करून ठेवतो, आणि ती फाइल आपल्याच मशीनवर राहते, कुठेही जात नाही. उघडायला एकच मोठा पासवर्ड. नानांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्यांचा जुना लॅपटॉप उलटा केला आणि खालच्या पत्र्यावर हात ठेवून विचारलं, "इथं?"

"हो. इथेच."

नानांचा चेहरा असा उजळला की जणू कोणीतरी त्यांना स्टोअररूम परत दिली.

त्यानंतर त्यांनी लॅपटॉप स्टेशनजवळच्या दुकानात नेला आणि त्याचं इंटरनेटच काढून टाकायला सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, फिर चलेगा कैसे?" नाना म्हणाले, "चलाना नहीं है. रखना है."

फाइलच्या कॉप्या दोन. एक पेनड्राइव्ह त्यांच्या तांदळाच्या डब्यात. दुसरा हंसाबेनकडे. मला नवल वाटलं की या माणसाने परक्या घरात काही ठेवलं कसं. "कुलूप लावलेली पेटी आहे," ते म्हणाले. "पेटी कुणाकडेही ठेवावी. चावी ठेवू नये." हंसाबेननी तो पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवला. दिवाळीत मी त्यांच्याकडे गेले तर त्याला कुंकू लावून वर एक फूल ठेवलेलं होतं. "नानाजी का है," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंदर सब कुछ है, बोलते हैं."

या व्यवस्थेत एकच अडचण होती. लॅपटॉपवरचा पासवर्ड बघून फोनवर हाताने टाकावा लागे, आणि नानांनी एकेक पासवर्ड असा लांबलचक करून ठेवला होता की टाकता टाकता समोरचं पान बंद होई. "वेळ संपली म्हणे," नाना मला सांगत. "मी घरीच बसलोय. वेळ कुणाची संपली?" वीजबिल भरायला त्यांना अख्खी सकाळ लागे. भरलं की विजयी चेहऱ्याने गॅलरीत येऊन उभे राहत.

दुसरी गंमत कस्टमर केअरची. ओळख पटवायला जे प्रश्न विचारतात ना, आईचं माहेरचं नाव काय, पहिली शाळा कोणती, त्याची खरी उत्तरं नानांनी कुठेच दिलेली नव्हती. "खरं उत्तर गावात सगळ्यांना माहीत आहे," हा त्यांचा मुद्दा. म्हणून त्यांनी मनाला येईल ते लिहून लॅपटॉपात नोंदवून ठेवलं होतं. आणि अशा फोनवर बोलायला ते बाथरूममध्ये जात, नळ सोडत, दार लावत. आमच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमच्या डक्टमधून आवाज वरपासून खालपर्यंत जातो, हे त्यांना कोणी सांगायचं, हा प्रश्न होता. त्यामुळे एका दुपारी सात मजल्यांनी एकदम ऐकलं,

"आईचं माहेरचं नाव? शेवग्याची शेंग."

मग जरा चढ्या आवाजात,

"हो मॅडम. आडनावच तसं आहे. शे-व-ग्या-ची."

हळूहळू नानांनी नुसते पासवर्डच नाही, सगळंच आत घालायला सुरुवात केली. घरातल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो त्या फाइलमध्ये ठेवायचा आणि मूळ कागद बादलीत भिजत घालायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा कुंडीत. त्यांच्या गॅलरीतला मोगरा जुन्या पावत्यांवर, विम्याच्या पत्रांवर आणि दवाखान्याच्या कागदांवर वाढलेला आहे. फुलतोही चांगला.

एका दिवाळीनंतर त्यांनी मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वैशाली, पाठ कर. तांब्या, सरडा, रविवार."

"हे काय नाना?"

"अर्धा पासवर्ड. मला काही झालं तर. लिहायचं नाही, संदीपलाही सांगायचं नाही."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो दुसऱ्याकडे."

"कुणाकडे?"

"वेळ आली की कळेल." मग म्हणाले, "तुझा अर्धा दर दिवाळीला बदलणार. त्याचा बदलत नाही. तो पक्का आहे."

पुढचे कित्येक महिने मी भाजी घेताना, कुकरची शिट्टी मोजताना मनात तांब्या, सरडा, रविवार म्हणत होते. नाना लिफ्टमध्ये भेटले की भुवई उडवत. मी मान हलवत असे. लिफ्टमधल्या इतर लोकांनी आमच्याबद्दल काय समज करून घेतला असेल, देव जाणे. पुढे दर दिवाळीला नवे शब्द मिळत गेले, म्हणून हे जुने इथे लिहितेय.

मग एका सकाळी नाना बाथरूममध्ये घसरून पडले. हाक मारायच्या आधी त्यांनी नळ बंद केला, हे त्यांनी नंतर मला अभिमानाने सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. संदीपने आणि वॉचमनने त्यांना खुर्चीवरून खाली आणलं आणि आम्ही मीरा रोडच्याच एका हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करायचं ठरलं.

डॉक्टर बाई समजूतदार होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"हर्नियाचं. तेव्हा एका इंजेक्शनानं अंगभर गांधी उठल्या. श्वास कोंडला. दोन दिवस आयसीयू."

"कुठलं इंजेक्शन?"

"आत आहे," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी बादलीची आणि मोगऱ्याची हकीकत सांगितली. ज्या हॉस्पिटलमध्ये हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं ते कधीच बंद पडलं होतं, तिथे आता जिम आहे. डॉक्टर म्हणाल्या, "नाव मिळालं तर ते औषध टाळता येईल. नाहीतर अंदाजाने जावं लागेल. मला अंदाजाने जायला आवडत नाही."

संदीप घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आला. पण तोवर दुखणं कमी करायचं इंजेक्शन चढलं होतं आणि नाना अर्धवट गुंगीत होते. मी त्यांच्या कानाशी माझा अर्धा म्हटला. त्यांनी मान हलवली, "शाबास" म्हणाले, आणि पुढे भलतंच सांगायला लागले. "पोपट, कंदील, मंगळवार." ते माझ्या आताच्या अर्ध्याच्या आधीचं. "घंगाळ, विमान..." ते त्याच्याही आधीचं. संदीप टाइप करत होता, फाइल उघडत नव्हती. कितीही वेळा चुकलं तरी बंद पडत नाही, एवढंच तिचं चांगलं. आयुष्यात पहिल्यांदाच नाना पासवर्ड मोठ्याने सांगत होते, आणि एकही उपयोगाचा नव्हता.

"नाना, माझा अर्धा झाला. दुसरा अर्धा कुणाकडे आहे?"

"जयाकडे."

"जया कोण?"

"भाऊ."

इतकी वर्षं समोरासमोर राहून आम्हाला त्यांना भाऊ आहे हे माहीत नव्हतं. संदीपच्या हातून लॅपटॉप पडता पडता राहिला.

"कुठे राहतो?"

"पेणकरपाड्यात. विहिरीसमोर. त्याला विचार, आईला काय सांगायचं." एवढं बोलून त्यांचा डोळा लागला.

पेणकरपाडा म्हणजे आमच्यापासून रिक्षाने जरासा. संदीपला तिथेच बसवून मी निघाले. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, आणि समोर दोन उंच बिल्डिंगच्या मधे एक कौलारू घर दबून बसलंय. ओट्यावर एक गृहस्थ बसले होते. नाक थेट नानांचं. पण ओठ मिटलेले नव्हते, आणि ते मिटत असतील असंही वाटलं नाही.

"या, या मॅडम. पाण्याचा मीटर बघायला ना? आमचा बंद हाय. शेजाऱ्याचा चालू हाय, पण तो बंद हाय म्हणून सांगतो, त्याच्या सुनेनं मला सांगितलं. ती सून चांगली हाय, पण सासूशी बोलत न्हाय, दसऱ्यापासनं. कशावरनं झालं सांगू?"

मी काही बोलायच्या आत मला त्या आळीतली दोन भांडणं, एक साखरपुडा आणि एका भाडेकरूचा पगार कळला. शेवटी मी मोठ्याने म्हटलं, "मला नानांनी पाठवलंय."

ते थांबले. पायातली चप्पल सरळ केली. "दामूनं?" मग म्हणाले, "आमचं बोलणं न्हाय. घर बिल्डरला द्यायचं ठरत होतं, सही होईपर्यंत कोणाला सांगायचं न्हाय असं आमचं ठरलं. माझ्या तोंडून नाक्यावर गेलं. सगळं फिसकटलं. तो बोलला, तुझ्या पोटात काय राहत न्हाय, यापुढं माझ्या घरातलं तुला काय कळणार न्हाय. आणि गेला." त्यांनी हात झटकला. "खोटं न्हाय बोलला तो. न्हायच राहत माझ्या पोटात."

मी नाना पडल्याचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं, आणि म्हटलं, "त्यांच्या पासवर्डचा अर्धा भाग तुमच्याकडे आहे म्हणाले."

"माझ्याकडं कुठला पासवर्ड?"

"म्हणाले, जयाला विचार, आईला काय सांगायचं."

जयाकाकांचं तोंड उघडंच राहिलं. डोळे भरले. शर्टाच्या बाहीने ते पुसून ते उभे राहिले.

"सांगा ना काका. मी फोनवर कळवते, संदीप तिकडे टाइप करेल."

"न्हाय."

"अहो, सकाळी ऑपरेशन आहे."

"मॅडम, तुम्ही मला दुसरं काय पण विचारा. हे मी कोणाला सांगत नसतो. मी येतो." आणि आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आले.

रिक्षात हा माणूस अवाक्षर बोलला नाही. एकदाच विचारलं, "लय दुखतंय का त्याला?"

हॉस्पिटलमध्ये ते पलंगापाशी गेले, वाकले, आणि हात आडवा धरून नानांच्या कानात काहीतरी कुजबुजले. नानांनी डोळे उघडले नाहीत. पण हसले. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलंय. मग त्यांनी लॅपटॉप मागितला. संदीपने माझा अर्धा टाकून तो त्यांच्या पोटावर धरला आणि आपणहून तोंड फिरवलं. एकेक बटण शोधत नानांनी टाइप केलं. उघडलं नाही. जयाकाका पडद्याकडे बघून पुटपुटले, "म्ह ला इंग्रजी एच कुठं टाकलास?"

"आधी."

"आधी न्हाय टाकत. मास्तर मारायचे तुला त्याच्यावरून."

"म्हणून तर आधी टाकतो. कुणाला सुचणार नाही." नाना गुंगीतच म्हणाले. "पासवर्ड करताना आधी टाकला होता, आत्ता विसरलो वाटतं."

पुन्हा टाकलं. उघडलं. हर्नियाचे कागद पाणी न लागता आत व्यवस्थित होते, औषधाच्या नावासकट. डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरं झालं मिळालं. उद्या मी हेच देणार होते."

ऑपरेशन नीट पार पडलं. जयाकाका घरी गेलेच नाहीत. त्यांची बायको तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाठवत होती, आणि सगळ्या वॉर्डला त्या डब्याचा वास आणि जयाकाकांच्या तोंडून त्याची कृतीही मिळत होती. तिसऱ्या दिवशी नाना पूर्ण शुद्धीवर होते. मी खिडकीपाशी मोसंबं सोलत होते. नानांनी जयाकाकांना हळूच विचारलं,

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"न्हाय."

"बायकोला?"

"न्हाय."

"आईला?"

"तिनं शेवटच्या दुखण्यातपण विचारलं मला, खरं काय झालं होतं. न्हाय सांगितलं."

नानांनी डब्यातली भाकरी मोडली आणि मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

नंतर मी एकदा नानांना विचारलं, की इतकी वर्षं बोलणं नव्हतं, भाऊ विसरून गेला असता तर? ते म्हणाले, "जया सगळं बोलतो. विसरत काही नाही."

नाना घरी आल्यावर संदीपने पासवर्ड बदलून दिला, दोन्ही अर्धे. म्हणजे जुना आता सांगायला मोकळा झाला. जयाकाका आता रोज संध्याकाळी येतात, नानांना वॉकर धरून गॅलरीत चालवतात, आणि आमच्या मजल्यावरच्या बातम्या पेणकरपाड्यात आणि तिकडच्या इकडे पोचवतात. नाना ओरडत नाहीत. मधूनमधून "पुढे काय झालं?" असंही विचारतात.

परवा संध्याकाळी हंसाबेन ढोकळा घेऊन आल्या होत्या, मीही होते. हंसाबेननी विचारलं, "जयाभाई, वो अंदर का पासवर्ड क्या था?" जयाकाकांनी नानांकडे बघितलं. नानांनी मान हलवली. मग काय, ते खुर्ची पुढे ओढूनच बसले.

दोघं लहान असताना त्यांचं मिठागर होतं. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. जया पाच-सहा वर्षांचा, दामू मोठा. खेळता खेळता जया उघाडीच्या पाण्यात पडला आणि वाहत निघाला. दामूने उडी मारून त्याला शर्टाला धरून बाहेर ओढलं. दोघं चिखलाने माखलेले. आई मारणार. मग बांधावर बसून ठरलं, आईला काय सांगायचं.

"म्हशीनं ढकललं," जयाकाका म्हणाले. "भैंस ने धक्का दिया, हंसाबेन. बस. यही पासवर्ड."

हंसाबेन हसल्या. मीही हसले. नाना हसले नाहीत. ते वॉकरची मूठ धरून बसले होते.

"म्हैस नव्हती," नाना म्हणाले. "मी ढकललं होतं. रागानं. पतंग फाडला म्हणून."

हंसाबेननी हातातली बशी गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. खाली कोणीतरी स्कूटर चालू केली.

जयाकाकांनी ढोकळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. "दामू, तुला काय आठवत न्हाय," ते म्हणाले. "म्हैस होती. काळी होती. मी बघितलीय तिला."

"जया."

"होती म्हणतो ना. एक शिंग वाकडं होतं तिचं."

नानांनी तोंड मोगऱ्याच्या कुंडीकडे फिरवलं. मग त्यांनी विचारलं,

"कुठलं? डावं का उजवं?"